सोंड उतरली त्या दुपारी

वैशाख लागला की आमच्या घरात तोंड उघडायची चोरी असायची. जो बोलेल त्याच्या हातात आई काहीतरी काम ठेवायची. म्हणून शहाणी माणसं गप्प राहून पसार व्हायची आणि मी, जिची जीभ तेव्हाही टाळ्याला लागत नव्हती, दर वर्षी कुरडयांच्या सोऱ्याला जुंपली जायचे. ओसरीत भिजवलेल्या गव्हाचा आंबूस वास भरून राहिलेला असायचा. चुलीवर मोठ्या पातेल्यात चीक रटरटायचा, अंगणात खाटांवर जुनी लुगडी अंथरून त्यावर कुरडयांची पांढरी वेटोळी घातलेली असायची, आणि त्या सगळ्यावर मधूनच कंपनीचा भोंगा व्हायचा. आई त्या भोंग्यावर घरातलं घड्याळ लावायची आणि त्याला शिव्याही द्यायची. "मेला बोंबलला," म्हणायची, आणि त्याच दमात, "उठा, भाकरी टाकायची येळ झाली." काम उरकलं की गरम चिकात दूध-साखर घालून वाटीभर मिळायचा. त्या वाटीसाठी मी काय वाटेल ते सोसलं असतं. आता आमच्या पिंपळे सौदागरच्या सोसायटीत कुरडया पाकिटातून येतात आणि तळल्या की फुलतातही झकास, पण त्यांना वास कसलाच नसतो.

आमचं गाव चाकणच्या अलीकडे. आप्पा, म्हणजे माझे वडील, मी लहान असतानाच गेले. घर आईनं चालवलं. निम्मं रान कंपन्यांसाठी गेलं होतं. उरलेल्या निम्म्यात आम्ही कांदा करायचो, आणि गेलेल्या रानात ज्या कंपन्या उभ्या राहिल्या तिथं आम्हीच नोकरीला जायचो. थोरला दादा मोटारसायकलवर पिंपरीच्या एका कारखान्यात जायचा. मी जवळच, गाड्यांच्या आतल्या वायरी जुळवायच्या लाइनवर होते. फर्स्ट शिफ्ट करून दुपारी सुटायचं, कंपनीची बस फाट्यावर सोडायची, तिथून ओढा ओलांडून घरापर्यंत कच्चा रस्ता. घराच्या मागं आमची बराख होती. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते, बराख म्हणजे कांदा साठवायची लांबट जागा, चारी बाजूंना बांबूच्या तट्ट्या म्हणजे वारा खेळता राहतो, वर पत्रे. पाऊस आडवा मारायला लागला तर बाजूंनी ताडपत्री सोडायची. त्या वर्षी बराख गळ्यापर्यंत भरलेली होती. बराखीच्या पलीकडं बांध, आणि बांधापलीकडं नव्या कंपनीचं बांधकाम.

वहिनीला घरात येऊन तेव्हा दीडेक वर्ष झालं होतं. वैशाली तिचं नाव, माहेर दापोडीचं, रेल्वेलाइनला लागून असलेल्या गल्लीतलं. पहिले काही दिवस तिला आमच्याकडं झोपच येईना. गाडी धडधडत गेली नाही तर मला झोप लागत नाही, म्हणाली. आई म्हणाली, "मग दत्ताला सांग, घोरतो थोडा मोठ्यानं." दत्ता म्हणजे दादा. तो लाजून बाहेर निघून गेला आणि आम्ही तिघी पोट धरून हसलो. वहिनी अशी होती की तिच्यावर हसलं तरी ती आपल्याबरोबर हसायची. मला ती थट्टेनं 'वन्सं' म्हणायची, वास्तविक माझ्याहून वर्षभरानंच मोठी असेल. मला बहीण नव्हती. मी तिच्यावर जीव टाकला होता, हे सरळच लिहिते.

आमच्या बोलीची तिला फार गंमत वाटायची, आणि आम्हाला तिची. बराख हा शब्द तिला कधी धडपणे म्हणता आला नाही. ती 'बराक' म्हणायची. दापोडीत तिनं मिलिटरीच्या बराकी बघितलेल्या, त्यामुळे जिभेला तेच वळण. "आई, बराकीतून कांदे आणू का?" "बराक न्हाई गं बये, बराख," आई म्हणायची, "बराक ती तिकडं, पत्र्याची." कारण बांधापलीकडं बांधकामावरच्या मजुरांसाठी ठेकेदारानं विटांच्या कच्च्या भिंतीवर पत्रे टाकून खोल्यांची एक ओळ उभी केली होती आणि तिला सगळे बराकच म्हणायचे. म्हणजे आमच्या घरामागं एक बराख होती आणि एक बराक, मध्ये फक्त बांध. हळूहळू आईनं वहिनीला सुधारणं सोडून दिलं. ती बराक म्हणाली की आम्ही बराख समजायचो. घरातल्या माणसाचं बोलणं असंच समजून घेतलं जातं.

त्या पत्र्याच्या बराकीत गोदा राहायची, परभणीकडची, नवऱ्याबरोबर कामाला आलेली. तिथंच बाळंत झालेली. वहिनीला दिवस गेले तेव्हापासून ती या गोदेकडं जाऊन बसायला लागली. कधी तूप, कधी डिंकाचा लाडू पदराखाली घेऊन जायची, आणि गोदा तिला बाळाला न्हाऊ कसं घालायचं ते दाखवायची. आईला हे माहीत होतं आणि तिची ना नव्हती. त्या वैशाखात वहिनीला सातवा लागला होता. येत्या रविवारी डोहाळजेवण करून तिला दापोडीला पोचवायचं ठरलं होतं. तिच्या आईनं तिकडं बाळंतविडा जमवायला घेतला होता आणि आमच्याकडं आईनं हिरव्या साडीला फॉल लावून ठेवला होता.

वावटळ आम्हाला नवी नव्हती. मोकळ्या रानात दुपारी एखादी उठायचीच, पाचोळा फिरवत यायची. वावटळीत काहीतरी असतं अशी आईची पक्की समजूत. ती आली की आई पायातली चप्पल काढून तिच्यावर भिरकवायची आणि "हाड!" म्हणायची, कुत्र्याला म्हणावं तसं. वहिनीनं पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा ती हसून हसून ओसरीवर बसली. पण त्या दिवशी जे आलं ते वावटळ नव्हतं. आता टीव्हीवाले त्याला टॉर्नेडो म्हणतात, आणि माझा नातू म्हणतो, "आजी, ते अमेरिकेत असतं, आपल्याकडं नसतं." मी त्याच्याशी वाद घालत नाही. आमच्याकडं नोंद झाली ती 'वादळी वाऱ्याने नुकसान' एवढीच. गावात मात्र आजही जुनी माणसं 'सोंड उतरली त्या साली' असं म्हणतात.

बसमधून उतरले तेव्हा वारा पार पडलेला होता. असा उकाडा की ड्रेस पाठीला चिकटलेला. आभाळाचा रंग बघून मला कसंतरीच झालं. काळं आभाळ मी पुष्कळ बघितलं होतं, हे शेवाळलेल्या हौदासारखं हिरवट होतं, आणि पाखरू एक बोलत नव्हतं. ओढ्याच्या जरा अलीकडं आले आणि टेकाडाच्या वर ढगाचं पोट खाली लोंबलेलं दिसलं. त्यातून एक शेंडी निघाली, वर गेली, परत निघाली, आणि मग टेकाडामागून धूळ उठून तिला खालून मिळाली. मला वाटलं कुठल्यातरी कंपनीला आग लागली, हा धूर आहे. मी उभी राहून बघत बसले. खरं सांगायचं तर बघण्यासारखंच होतं ते. हत्तीनं सोंड जमिनीवर टेकवून काही हुंगावं तसं. सोंडेच्या भोवती कागदाचे कपटे फिरत होते. ते कपटे म्हणजे कुणाच्यातरी शेडचे अख्खे पत्रे आहेत हे मग ध्यानात आलं.

विचित्र गोष्ट ही की ती सोंड डावीकडं जात नव्हती आणि उजवीकडंही जात नव्हती. नुसती जाड होत चालली होती. ती माझ्याच रोखानं येते आहे, म्हणून ती सरकताना दिसत नाही, हे मला उशिरा उमगलं. मग आवाज आला. कंपनीत आमच्या लाइनशेजारच्या प्रेस शॉपमध्ये, पत्रे दाबायच्या विभागात, सगळ्या मशिनी एकदम चालू झाल्या की जमीन थरथरायची, तसा, पण तो आभाळातून येत होता. मी पळाले. घराकडं पळायला वेळ नव्हता. ओढ्यावर रस्त्याखालून सिमेंटचा मोठा नळ घातला होता, मोरी म्हणायचो आम्ही, तिच्यात मी चार पायांवर शिरले. आत कोरडा गाळ आणि कसलीतरी घाण. कानांत एकदम दडे बसले. नळातली हवाच कुणीतरी बाहेर ओढली. छातीत श्वास राहीना. माझी ओढणी गळ्यातून सुटली आणि नळाच्या तोंडातून सरळ बाहेर निघून गेली, जशी कुणी हातानं ओढून न्यावी. मी नळाच्या सांध्यात बोटं अडकवून पालथी पडले. बाहेर उजेड तपकिरी झाला. नळाच्या तोंडासमोरून एक बाभळ मुळांसकट गेली, आणि मागोमाग धडाधड काहीतरी आपटायला लागलं. एक माझ्या हातापाशी घरंगळत आलं. कांदा होता.

तो कांदा बघितला आणि मला सगळं कळलं. आसपास कांदा भरलेली बराख आमची एकच होती. मी देवाचं नाव घेतलं नाही, रडले नाही, नुसती "आई, आई" करत त्या घाणीत डोकं आपटत राहिले. किती वेळ ते माहीत नाही. आवाज जसा आला तसाच निघून गेला, आणि मागं अशी शांतता झाली की मला वाटलं आपण बहिऱ्या झालो.

बाहेर आले तर रस्ता ओळखू येईना. विजेचा खांब आडवा. बांधावरचं कडुनिंबाचं झाड उभं होतं, पण धुणं पिळावं तसं पिळलेलं. मी पळत सुटले आणि वाटेतच गारा सुरू झाल्या. आमच्या घराचं छप्पर नव्हतं. भिंती होत्या. अंगणात खाट नाही, लुगडी नाहीत, कुरडई एक नाही. चिकाचं पातेलं मात्र चुलीवर जागच्या जागी, त्यात गारा पडत होत्या. आणि अंगणाच्या मधोमध आई बसलेली. कपाळ फुटून रक्त डोळ्यात उतरलेलं, एका पायात चप्पल, दुसऱ्या पायात नाही. मी तिला हलवलं. "आई, वहिनी कुठाय?" तिनं माझ्याकडं बघितलं आणि बराखीकडं हात केला. "बराखीत गेली गं. म्या म्हन्लं ताडपत्री सोडाया पायजे, तर म्हनली, 'मी बराखीत जाऊन येते.' म्या थांब थांब म्हनस्तवर गेलीबी."

बराख उरली नव्हती. तट्ट्या फुटून कांदा चारी अंगांनी बाहेर आला होता आणि मधे त्याचा ढीग, माझ्या डोक्याहून उंच. त्यावर एक वासा आडवा. त्या ढिगाखाली आमची वैशाली होती, पोटात बाळ घेऊन. मी हातांनी ओढायला लागले. कांदा उकरायचा म्हणजे काय असतं ते करून बघावं. एक ओंजळ काढली की वरून चार ओंजळी घरंगळत येऊन तिथंच बसतात. फावडं घ्यायची सोय नव्हती, कारण कुठं तिचा हात असेल, कुठं तोंड असेल. चेचलेल्या कांद्याचा उग्र दर्प, डोळ्यांची आग होते आहे, पाणी वाहतं आहे, आणि वरून गारा. "वैनी! वैनी!" मी हाका मारत होते. आई रांगत आली आणि ढिगाला कान लावून "वैशाले, ओ दे गं माझे बाय, ओ दे," म्हणून ओरडायला लागली.

मग माणसं आली. गावातले आले, आणि बांधापलीकडून बांधकामावरचा सुपरवायझर आला. त्याच्याकडं बघून मला एकदम आठवण झाली की यांच्याकडंही माणसं असतील. मी विचारलं, तुमची माणसं? "टेन्शन नका घेऊ ताई," तो म्हणाला, "ढग बघितला तवाच समद्यांना पक्क्या गोडाऊनमध्ये घातलं. बराक पडली, पर बराकीत कुनी न्हाई. रिकामी हाय." आम्हा सगळ्यांना त्याही स्थितीत तेवढंच बरं वाटलं. तो परत गेला आणि मजुरांना घेऊन आला. स्वतःची राहायची जागा भुईसपाट झालेली ती माणसं, तिकडं ढुंकूनही न बघता, आमच्या कांद्याला भिडली. गोदेचा नवराही त्यांच्यात होता. कुणी घमेली आणली, कुणी पाट्या, कुणी नुसत्या लुंग्या पसरून त्यात कांदा भरून लांब नेऊन ओतायला लागले. गारा थांबून पाऊस झाला. "हळू, हळू रं, पाय लागंल तिला," असं प्रत्येक जण प्रत्येकाला सांगत होता.

दादा आला तेव्हा ढीग निम्मा उतरला होता. हमरस्त्यावर झाडं पडलेली म्हणून तो गाडी टाकून धावत आला होता. कुणी त्याला काही सांगायची गरज पडली नाही. तो आला आणि सरळ ढिगावर पालथा पडून दोन्ही हातांनी कुत्रं उकरतं तसा उकरायला लागला. नखं तुटून त्याच्या बोटांतून रक्त यायला लागलं तरी त्याला पत्ता नव्हता. मी त्याला असा कधी बघितला नव्हता आणि पुन्हा बघायची वेळ येऊ नये. मधेच एकदा त्याच्या हाताला मऊ काही लागलं आणि तो किंचाळला. ताडपत्रीची घडी होती. ती तिथंच, बांधलेली, कुणी सोडलेलीच नव्हती. ते बघूनही आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात काही आलं नाही. आम्ही म्हटलं, सोडायच्या आधीच छप्पर आलं असेल अंगावर.

आणि मग जमीन लागली. या टोकापासून त्या टोकापर्यंत बराखीची जमीन मोकळी झाली आणि वैशाली तिथं नव्हती. सगळे उभे राहिले. कुणीतरी हळूच म्हणालं, "सोंडंनं नेली." दोघे जण विहिरीकडं गेले, गळ घेऊन. दादा त्या मोकळ्या जमिनीवर मांडी घालून बसला आणि तिच्याकडं बघत राहिला. मला त्या क्षणी वाटलं, कांद्याखाली सापडली असती, कशीही सापडली असती, तर बरं झालं असतं. इतकी मी हताश झाले होते. माणसाचं मन त्या थराला जातं.

पाऊस उघडल्यावर गोडाऊनमधून बायका बाहेर आल्या. गोदा बाळाला छातीशी धरून बांध ओलांडून आली. तिला काहीच माहीत नव्हतं. आईला तसं बसलेलं बघून तिनं विचारलं, काय झालं. आईचा आवाज बसून गेला होता. "वैशाली," ती म्हणाली, "बराकीत जाते म्हनली अन्..." पहिल्यांदाच आईनं वहिनीचा शब्द वहिनीनं म्हटला तसा म्हटला.

गोदा जागच्या जागी थांबली. "मावशी," ती म्हणाली, "कोन्त्या बराकीत?"

दादानं मान वर केली. मी आईकडं बघितलं आणि आईनं माझ्याकडं. मग दादा उठला आणि बांधावरून पलीकडं नाहीसा झाला, आणि सगळी माणसं त्याच्यामागं. आई तेवढी उठली नाही.

वहिनी गोदेच्या खोलीत सापडली. गोदेला आणि बाळाला आमच्या पक्क्या भिंतींच्या घरात घेऊन यावं म्हणून ती गेली होती. ती पोचली तेव्हा खोली रिकामी होती, आणि ती वळायच्या आत भिंत आली. विटा कमरेवर आणि वर पत्रे. पत्रे उचलले तेव्हा ती डोळे उघडे ठेवून पडली होती. जिवंत होती. दादानं तिचं डोकं मांडीवर घेतलं तर ती काहीतरी पुटपुटली, ते कुणाला कळलं नाही. तिच्या साडीकडं बघून गोदेनं तोंडाला पदर लावला आणि बाळाला घेऊन पाठ फिरवली.

रस्ते बंद, त्यामुळे बांधकामावरच्या टेम्पोतून, शेतांतून, वळसे घेत तिला पिंपरीच्या दवाखान्यात नेलं. वहिनी वाचली. मुलगी होती, ती राहिली नाही. पुन्हा मूल होणार नाही असंही सांगितलं. बाहेर बाकावर आम्ही बसलो असताना एक नर्स आपल्या कामाच्या ओघात म्हणाली, "फार उशीर केलात हो आणायला." तिचं काही चुकलं नाही. तिला काय माहीत. पण आई माझ्या शेजारी बसली होती, कपाळाला पट्टी, आणि ते वाक्य तिच्या कानात जे शिरलं ते पुढं जन्मभर बाहेर निघालं नाही.

वहिनी बोलायला लागल्यावर आईनं विचारलंच. पलंगाची दांडी धरून उभी होती. "वैशाले, तू जाताना काय म्हन्ली व्हतीस गं? गोदीकडं जाते म्हन्ली व्हतीस का? म्या न्हाई ऐकलं का?" वहिनीनं तिच्या कपाळावरच्या पट्टीकडं बघितलं. मग म्हणाली, "मला काही आठवत नाही आई. वारा सुटला तिथवर आठवतं. पुढचं काहीच नाही." डोक्याला मार होताच. डॉक्टर म्हणाले, असं होतं. आम्ही विश्वास ठेवला.

पुढं दादानं कांदा करणं सोडलं आणि मग रानच दिलं. माझं लग्न होऊन मी इकडं सौदागरला आले. दादा-वहिनींनी रावेतला फ्लॅट घेतला, आणि आई त्यांच्यापाशीच राहिली, शेवटपर्यंत. वहिनीनं तिचं सगळं केलं, लेक करणार नाही असं. मी लेक आहे, मला माहीत आहे. पण आई दर काही दिवसांनी तोच प्रश्न काढायची. जेवता जेवता, वेणी घालून घेता घेता. "आठवलं का गं काही?" आणि वहिनी भाजी निवडत, न चिडता म्हणायची, "नाही हो आई, काहीच आठवत नाही." एकदा मी गेले होते तेव्हा आई गॅलरीत एकटी बसली होती आणि ओठ हलत होते. मला वाटलं जप करते आहे. जवळ गेले तर ती म्हणत होती, "बराकीत. बराखीत. बराकीत. बराखीत." प्रत्येक वेळी जरा थांबून, कान देऊन. नेमका कुठला शब्द कानावर पडला होता ते तिला अजून शोधायचं होतं. मी पाय न वाजवता मागं फिरले आणि बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं.

आई गेल्यावर दशक्रिया झाली, पाहुणे पांगले, दादा त्यांना सोडायला खाली गेला. दुपार कलली होती. वहिनी आणि मी स्वयंपाकघरात भांडी पुसत होतो. आम्ही दोघी आता म्हाताऱ्या. ती अजूनही जरा लंगडते. पुसलेली ताटं रचता रचता, माझ्याकडं न बघता ती म्हणाली, "मी गोदाकडं जातेय म्हणून नव्हतं सांगितलं हो वन्सं. 'बराकीत जाऊन येते' एवढंच म्हणाले होते. आईंनी बरोबर ऐकलं होतं."

माझ्या हातातलं फडकं तसंच राहिलं. "तुला आठवतं?"

"सगळं आठवतं."

मला राग आला. इतक्या वर्षांचा, आईसाठी आलेला राग होता तो. "मग सांगायचं नाही का गं तिला? तिनं जन्म जाळला त्या एका शब्दापायी! तू बरोबर ऐकलंस, एवढं म्हटलं असतं तर सुटली नसती का ती?"

वहिनीनं शेवटचं ताट ठेवलं. हात पदराला पुसले, ते कोरडेच होते, तरी पुसत राहिली.

"एवढंच कसं सांगणार?" ती म्हणाली. "एक आठवतंय म्हटलं की आईंनी पुढचं विचारलं असतं. पुढं काय झालं, पत्र्याखाली मी काय करत होते. मला खोटं बोलता आलं नसतं त्यांच्याशी." तिनं रचलेली ताटं सारखी केली. "मी शुद्धीवर होते वन्सं. तुम्ही बांधाच्या अलीकडं कांदे उकरत होता, ते सगळं ऐकू येत होतं मला. तुमच्या हाका, ह्यांच्या हाका. 'हळू रं, पाय लागंल तिला' म्हणत होते कुणीतरी. मी प्रत्येक हाकेला ओ देत होते. पत्र्यावर पाऊस वाजत होता, माझं काही बाहेर जात नव्हतं. पण तुमचं येत होतं. आणि सगळ्यांच्यात आईंचा आवाज मोठा होता."